त्या शनिवारी कॉलमचं दुसरं टोक

३ मार्च

साडूभाऊ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र बाजूला ठेवलं असेल, तर परत उचला. कामाचं आहे. सहा महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पोस्टाने गाठतोय. ज्याला मी सिरिंज कशी धरायची ते शिकवलं त्याला अहो-जाहो करताना माझाच हात अडखळतोय, पण थोरली म्हणाली, भांडण असलं तरी घरच्या जावयाचा मान ठेवा. आपल्या बायका, तुमची धाकटी आणि माझी थोरली, रोज तासभर फोनवर बोलतात. आपल्याला मात्र सहा महिन्यांत एक शब्द सुचला नाही.

तर, म्हातारी बिघडली आहे. म्हातारी म्हणजे खिडकीजवळची आपली जुनी जीसी, गॅस क्रोमॅटोग्राफ, तुम्ही जिच्यावर शिकलात ती. बेसलाइन लाटा मारतेय. दर आठ मिनिटांनी रेघ वर चढते, खाली उतरते, पुन्हा चढते. चार्टचा कागद सोबत जोडलाय, बघा. गोळ्यांमध्ये राहिलेल्या सॉल्व्हंटचं पीक, कागदावरचं टेकाड, आधीच एवढंसं, ते या लाटेत कुठे बुडतं कळतच नाही. गेल्या आठवड्यापासून एकही बॅच पास करता आलेली नाही. मॅनेजर बाई रोज सकाळी दारात उभ्या राहून विचारतात, "काय म्हणतेय म्हातारी?" आणि मी रोज म्हणतो, "बघतोय." सुई टोचायचा रबरी सेप्टम बदलला, गॅसचा सिलिंडर बदलला, एकेक जोड साबणाच्या पाण्याने तपासला. पाणी कुठे मुरतंय ते सापडत नाही. तुमच्या जागी मशीनच्या कंपनीने जो नवा सर्व्हिस इंजिनिअर दिलाय, तो तीन आठवड्यांनी उगवणार.

मला हे तुम्हाला विचारावं लागतंय यात मला आनंद आहे असं समजू नका. मागे सासूबाईंनी विचारलं होतं, तुम्ही दोघं दिवसभर त्या यंत्रापुढे करता तरी काय? मी अर्धा तास सांगत होतो आणि त्या मान डोलवत जांभया देत होत्या. मग तुम्ही म्हणालात, "आई, औषधाची वाफ करायची आणि कॉलम नावाच्या लांबलचक नळीतून पळवायची. नळीच्या शेवटी डिटेक्टर, त्यात एक बारीक ज्योत असते. जे काही तिथे येऊन जळतं, त्याचं कागदावर टेकाड उठतं. काहीच आलं नाही तर सरळ रेघ." झालं. सासूबाई म्हणाल्या, "हे कसं चटकन कळलं बघा." त्या दिवसापासून पंख्याखालची खुर्ची तुमची झाली. मी सतरा वर्षं त्या घरचा जावई आहे, अजून दारालगतच बसतो.

जाता जाता एक. चोवीस तारखेला तुम्हाला हेड ऑफिसला बोलावलंय, आमच्या लॅबच्या तक्रारीवरून, असं थोरलीकडून कळलं. निष्काळजीपणा ठरला तर मशीनला हात लावायचं सर्टिफिकेट जाणार आणि मागोमाग नोकरी, असं ती सांगत होती. या पत्राचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही. ती तक्रार लॅबने केली होती, मी फक्त लिहून दिली.

लाटांचं तेवढं कळवा.

तुमचा साडू

९ मार्च

साडूभाऊ,

तुमचं उत्तर मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं तर. सर्व्हिस पॅडचा अर्धा फाडलेला कागद, पेन्सिलने लिहिलेले पाच प्रश्न, वर नमस्कार नाही, खाली सही नाही. धाकटीची खुशाली तरी लिहायची. पण असो, तुझं अक्षर तेवढं अजून तसंच आहे, प्रत्येक अक्षर फूटपट्टीने मोजल्यासारखं.

बघ, 'तू' लिहून गेलो. आता खोडत नाही.

पहिला प्रश्न. कॉलमचं टोक डिटेक्टरपासून सोडवून तोंड बंद कर, नुसती ज्योत पेटव, लाट राहते का ते बघ. राहिली तर कॉलम निर्दोष, गेली तर दोष कॉलममध्ये किंवा त्याच्या अलीकडे. अरे, हे तुला मी शिकवलं. एकेक गोष्ट बाजूला काढायची, जी काढल्यावर बिघाड जातो ती चोर. मला स्वतःला सुचलं नाही, कारण बाई पाठीशी उभ्या असल्या की माझं डोकं चालत नाही. तुझं बरोब्बर तेव्हाच चालतं.

केलं. ज्योत पेटली का हे बघायला पाना धरला. आठवतंय ना? थंड पान्याची चकचकीत बाजू डिटेक्टरच्या तोंडावर दोन क्षण धरायची, दव धरलं की ज्योत जिवंत. तू कामाला लागलास त्या पहिल्याच सकाळी मी तुझ्या हातात पाना दिला होता. तू एवढा हरखलास की दिवसभरात वीस वेळा दव बघितलंस. पुढे दोन वर्षं, तू मशीनच्या कंपनीत जाईपर्यंत, आपण एका डब्यात जेवलो. तुझ्यासाठी धाकटीचा विषय सासरी मीच काढला. मुलगा शांत आहे, हात स्वच्छ आहेत, असं मीच सांगितलं. कुठून बुद्धी झाली.

तर, कॉलम सोडवल्यावरही लाट तशीच राहिली. म्हणजे कॉलम सुटला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हायड्रोजनचं प्रेशर काट्यावर स्थिर आहे, तासभर डोळा लावून बसलो होतो. तिसरा, मशीन जागेवरून हलवलंय का? हो, फेब्रुवारीत टेबल दीड हात डावीकडे सरकवलं, नवीन कपाट आलं म्हणून. चौथा, खोलीतला एसी किती मिनिटांनी चालू-बंद होतो? हे आता मोजावं लागेल. इथे माणसाला श्वास घ्यायला वेळ नाही आणि मी एसी मोजत बसू. तरी मोजतो.

पाचवा प्रश्न या बिघाडाचा नाही. सोडून दिलाय.

परवा सासरी गेलो होतो. सासूबाईंचा मिक्सर बंद पडलाय. मी म्हटलं, बघू का? त्या म्हणाल्या, "राहू द्या, धाकटे आले की बघतील." तू तिथून एवढ्या लांब बदली होऊन गेलायस, दिवाणखान्यात तुझी चप्पलसुद्धा नाही, आणि मिक्सर तुझी वाट बघतोय. मी लॅबमधली तीस लाखांची मशीन चालवतो रे. पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू. तुझे ते पॉलिश केलेले बूट, ती हत्यारांची बॅग, त्यात प्रत्येक पान्याला स्वतःचा कप्पा. तू लॅबच्या दारातून आत आलास की बाई खुर्चीवरून उठतात. मी सतरा वर्षांत एवढ्या वेळा आत आलो, कुणी मान वर केली नाही.

एसीचं मोजून कळवतो.

साडू

१४ मार्च

साडूभाऊ,

आठ मिनिटं. एसी दर आठ मिनिटांनी सुरू होतो. टेबल सरकवल्यामुळे त्याचा झोत थेट म्हातारीच्या डिटेक्टरवर येत होता. पुठ्ठा कापून एसीच्या तोंडाला चिकटवला, वीस मिनिटांत रेघ सरळ. पुठ्ठा काढला, लाट परत. पुन्हा लावला, गेली. बाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान. पण हे सुचलं कसं?"

मी म्हटलं, "अनुभव."

तुझं नाव काढलं नाही. तू इकडे न येता, न बघता, अर्ध्या कागदावर म्हातारीचं दुखणं ओळखलंस याचा मला राग आला होता. एखाद्या प्रश्नावर तरी चुकायचंस. मी मनातल्या मनात तू चुकावास म्हणून थांबलो होतो. मग बिघाड राहिला असता, बॅचेस अडल्या असत्या, माझ्या नावाने शंख झाला असता, तरी चाललं असतं. असा माणूस आहे मी, आता तूच बघ.

पाचव्या प्रश्नाबद्दल थोरलीने विचारलं. तुझा कागद तिने वाचला. "सप्टेंबरमधल्या त्या शनिवारी कॉलमचं दुसरं टोक कुठे होतं, असं ते का विचारतायत?" मी म्हटलं, काहीतरी तांत्रिक आहे. ती म्हणाली, "तांत्रिक असतं तर तुम्ही चहा सांडला नसता."

म्हणून एवढं लिहितो. त्या शनिवारी तू सर्व्हिस करून गेल्यावर मी नवा कॉलम लावून तापवला, हे खरं आहे. लॉगबुकमध्ये लिहायचं राहिलं. तापवताना टोक मोकळंच ठेवलं होतं, डिटेक्टरला न जोडता, मशीनच्या ओव्हनमध्ये. सगळे ठेवतात तसं. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

धाकटीला विचारलंय म्हणून सांग.

साडू

१९ मार्च

तुझं पाकीट काल मिळालं. आत पत्र नाही, प्रश्न नाही, पेन्सिलचा एक शब्द नाही. नुसती एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी, त्यात म्हातारीच्या डिटेक्टरमधला जुना जेट, पिशवीवर तुझ्या अक्षरात सप्टेंबरची तारीख.

जेवताना उघडलं होतं. थोरलीने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, मशीनचा भाग. एवढासा? हो, म्हटलं, याच्या टोकावर ती ज्योत असते. आणि ताट सरकवून भिंग शोधायला उठलो.

त्याच्या टोकावर पांढरी राख आहे. तुला माहीत आहे ती कसली, मला माहीत आहे, आणि हे काम केलेल्या कुठल्याही माणसाला भिंगातून बघताक्षणी कळेल. नव्या कॉलमच्या आतला लेप जास्त तापला की निघून वाहत येतो, ज्योतीत जळतो आणि अशी वाळू होऊन बसतो. सर्व्हिसमध्ये कितीही हलगर्जी केली तरी दोन दिवसांत जेटवर ही राख बसत नाही. टोक ओव्हनमध्ये मोकळं ठेवलं तर मुळीच बसत नाही. म्हणजे मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. हे तुला ते वाचायच्या आधीपासून माहीत होतं. त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी तू जेट बदलायला आलास, भिंगातून बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, जेट पिशवीत टाकलास आणि आमच्या तक्रारीवर मुकाट्याने सही केलीस. मला वाटलं, याला कळलं नाही. चला, एक गोष्ट तरी अशी निघाली जी याला कळत नाही. मला त्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं होतं.

आता टोक कुठे होतं ते ऐक.

त्या शनिवारी तू सर्व्हिस संपवलीस, ज्योत पेटवलीस, पाना धरलास. बाई शेजारीच होत्या. दव बघून त्यांनी विचारलं, "वा, हे कुठे शिकलात?" तू म्हणालास, "कामातून, बाई." मी तीन हातांवर उभा होतो. सॅम्पलच्या बाटल्यांना झाकणं लावत होतो. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. मग बेसलाइन आली, सरळ, एवढी सरळ की कागदावर छापलीय की काय असं वाटावं. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखं कुणीतरी इथे रोज असायला हवं होतं." एक वाजता तू गेलास. बाई गेल्या. मी राहिलो.

कपाटात नवा कॉलम होता. मनात आलं, हा बसवतो, तापवून आतली घाण घालवतो, आणि सोमवारी याच्याहूनही खाली बसलेली रेघ बाईंसमोर ठेवतो. नवा कॉलम तापवताना त्याचं टोक डिटेक्टरला जोडायचं नाही, हे मी शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतो. तुलाही सांगितलं होतं. पण टोक मोकळं ठेवलं तर रेघ दिसत नाही. आणि मला ती उतरताना बघायची होती. एकट्याने खुर्ची ओढून बसून, माझ्या हाताने खाली आलेली रेघ मला बघायची होती. म्हणून टोक डिटेक्टरला जोडलं. लवकर उतरावी म्हणून तापमान मर्यादेच्या वीस अंश वर नेलं. ती उतरली नाही. नुसती चढत राहिली. लेप जळत होता आणि मी बघत बसलो होतो, आता उतरेल, आता उतरेल म्हणून. पाच वाजता बंद केलं, जुना कॉलम परत लावला, नवा डब्यात घालून कपाटात मागे सारला.

सोमवारी डिटेक्टर पिसाळला होता. बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "शनिवारच्या सर्व्हिसनंतर असं झालंय." शब्दाशब्दाने बघितलं तर खोटं नव्हतं. मग तक्रार लिहिली. 'निष्काळजीपणा' हा शब्द मी दोनदा घातला, एकदा पुरला असता.

त्या शनिवारचा, दुपारी तीन चाळीसचा चार्ट माझ्याकडे आहे. कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली, खाली चढत जाणारी रेघ. टेबलाच्या खणात कागदाखाली सहा महिने पडून होता. का फाडला नाही माहीत नाही. खण उघडताना रोज हात तिथे जायचा.

तुझ्याकडे हा जेट होता. चोवीस तारखेला तू तो टेबलावर ठेवला असतास तर पाच मिनिटांत सुटला असतास. सहा महिने तू तो कुणाला दाखवला नाहीस, आणि आता तोही मला पाठवून दिलास. म्हणजे तुझ्या हातात काहीच ठेवलं नाहीस. का, ते मी थोरलीला विचारलं. हो, तिला सगळं सांगितलं. तिने ताटं उचलून ठेवली. मग म्हणाली, "तुमची नोकरी गेली असती तर मला काय वाटलं असतं, आणि मग धाकटीला काय वाटलं असतं, याचा त्यांनी विचार केला असणार. तुम्ही कुणाचा केलात?"

खरं सांगू? तेव्हाही मला आधी लाज वाटली नाही. आधी हेवाच वाटला. म्हटलं, गप्प बसण्यातसुद्धा हाच माझ्या वर. मी सतरा वर्षं बडबड करून जे कमावलं नाही, ते याने तोंड न उघडता कमावलं. लाज नंतर आली, पहाटे दात घासताना, आरशात. ती अजून गेलेली नाही.

आज सकाळी बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "तुम्ही जोडलंत? तुम्ही?" तुझा जेट, तो चार्ट आणि माझ्या सहीचं निवेदन, तिन्ही आज दुपारी तुझ्या हेड ऑफिसला रवाना केली, पोचपावती सोबत जोडतो. निवेदनात 'निष्काळजीपणा' हा शब्द पुन्हा दोनदा आलाय, या वेळी बरोबर माणसासाठी. एसीचं कोडं कुणी सोडवलं तेही बाईंना सांगून टाकलं.

माझं काय होईल ते होईल. चोवीसला तू जा. ताठ मानेने जा.

तुझा साडू

३१ मार्च

बाबा रे,

तुला निर्दोष सोडलं हे धाकटीने थोरलीला सांगितलं, थोरलीने मला, आणि मी खुर्चीत बसून घेतलं. बदली रद्द होऊन पुन्हा आमच्याकडचा भाग तुला मिळतोय हेही कळलं. धाकटी फोनवर रडत होती म्हणे. थोरलीही रडली. मी नाही रडलो, मी मिक्सर उघडला. सासूबाईंनी उघडू दिला, कारण आता त्यांचा माझ्यावरचा विश्वास एवढा कमी झालाय की आणखी बिघडायला काही उरलेलं नाही. कार्बन झिजला होता, बदलला. चालतोय. त्या म्हणाल्या, "बरं झालं." बस, एवढंच. पंख्याखालची खुर्ची रिकामी होती, तरी मी दारालगतच बसलो. सवयीने.

मला काढलं नाही. वर्षभर मशीनला हात लावायचा नाही, अशी शिक्षा आहे. सॅम्पल घ्यायच्या काउंटरवर बसवलंय. गोळ्यांची पाकिटं आली की नंबर टाकायचा, चिकटपट्टी लावायची, आत पाठवायचं. म्हातारीचा आवाज भिंतीपलीकडून येतो. मधूनच एखादं वेगळं 'पट' ऐकू येतं, हात उठतो, परत खाली ठेवतो. बाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांचं बरोबर आहे.

तुझं कार्ड आलं. या वेळी वर 'साडूभाऊ' आणि खाली तुझी सही. मधल्या ओळीत एवढंच, की सहा तारखेला म्हातारीच्या सर्व्हिसला येतोय. दुसरं काही नाही. तुला लांबलचक लिहिता येत नाही, या एका बाबतीत मी तुझ्या पुढे आहे, हे मी धरून ठेवणार आहे.

ये. पण आधीच सांगून ठेवतो, मला त्रास होणार आहे. तुझे बूट दिसतील, ती बॅग उघडेल, बाई उठून उभ्या राहतील, आणि मी काउंटरवर पाकिटाला पट्टी लावत माझा जळफळाट गिळत असेन. तो एका पत्राने जाईल असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलं नाहीस. पण जळत असलो तरी मला तू हवा आहेस. दुसरा कुणी इंजिनिअर आला तर मी तोंड फिरवून बसेन.

एसीचा पुठ्ठा काढू नकोस. नवा कॉलम कपाटात मागे डब्यात आहे, तो फेकून दे, माझ्याच्याने होत नाहीये. आपला तो पाना दुसऱ्या खणात ठेवलाय, पुसून. ज्योत पेटवलीस की धरशीलच. मग बाई विचारतील, हे कुठे शिकलात. त्या प्रत्येक वेळी विचारतात, त्यांना आठवत नाही.

या वेळी जरा मोठ्याने सांग. काउंटर दारालगतच आहे, मला ऐकू येतं.

तुझा
थोरला साडू